झोपेतली नाडी

विसाव्या वर्षी माझं पुढचं सगळं आयुष्य नव्वद पौंडांवर येऊन अडलं होतं. नव्वद भरले तर धुळ्याच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण, नाही भरले तर वैशाखात पाट. मधलं काही नव्हतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. वर्षश्राद्ध उरकल्यावर सासरच्यांनी मला भावाच्या दारात आणून सोडलं होतं आणि भावानं चाळीसगावकडचा एक बिजवर पाहून ठेवला होता. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, तीन पोरं होती, विहिरीची जमीन होती आणि माणूस वाईट नाही असं सगळे म्हणत होते. माणूस वाईट नाही, एवढ्या भांडवलावर मी उरलेला जन्म काढायचा होता.

आमच्यात विधवेचा पाट लागतो. त्यात कोणी कमीपणा मानत नाही. उलट भाऊ पाट लावून देतो म्हणजे बहिणीचं भलं पाहतो, असंच आमच्या सावद्याकडच्या गावात कोणीही म्हणालं असतं. मला तो नको होता. का नको, हे तेव्हा मला धड सांगता येत नव्हतं. एका घरातून उचलून मला दुसऱ्या घरात ठेवणार आणि मला कोणी विचारणार नाही, याचा संताप यायचा, एवढंच कळत होतं. आणि भीती वाटायची. अनोळखी माणसाच्या घरी पुन्हा पहिली रात्र, पुन्हा चुलीशी पहिली सकाळ, पुन्हा सगळ्यांच्या नजरा. त्या विचारानं हाता-पायांना घाम सुटायचा.

तशी मी जन्माची अस्वस्थ. एका जागी बसून राहणं मला जमलं नाही. पायाला भिंगरी आहे म्हणायचे. गहू निवडायला बसले तरी अर्धं सूप झाल्यावर उठून गोठ्यात जाऊन यायची. माय म्हणायची, "हिले बसाले सांगितलं का हिले मुंग्या चावतात." घरात मी, माय, भाऊ आणि वहिनी एवढीच माणसं, त्यामुळे माझी ही येरझार सगळ्यांच्या डोळ्यांत भरायची.

वहिनीचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातून एक नर्सबाई आल्या होत्या. पांढरी साडी, पायात चप्पल, हातात चामड्याची पेटी. बाळ सुखरूप झालं. मग त्यांनी पेटीतून एक हुकाचा काटा काढला, बाळाला फडक्यात बांधून त्याला टांगलं आणि म्हणाल्या, "साडेसहा पौंड. छान." नंतर फितीनं डोकं मोजलं, छाती मोजली. डोकं छातीपेक्षा मोठं निघालं. माय घाबरली. नर्सबाई म्हणाल्या, "असंच असतं. जन्मताना डोकं मोठं, वर्षभरात छाती बरोबरी करते."

मला ते फार आवडलं. आमच्या घरात सगळं अंदाजावर चालायचं. पोर बरं दिसतं, म्हातारी सुकली, रंग उतरला, अंग धरलं. आणि इथे एक बाई येऊन सांगत होती की माणूस आतून-बाहेरून किती असावा हे ठरलेलं आहे. मी त्यांच्या मागे लागले. त्या दोन दिवस येत राहिल्या, तोवर मी त्यांना विचारून विचारून भंडावलं. हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. यकृत दीड शेराच्या आसपास. आतडं आपल्या उंचीच्या चार-पाच पट, गुंडाळून ठेवलेलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली दडलेली, चांगल्या माणसाची ती हाताला लागता कामा नये. नाडी मिनिटाला बहात्तर. श्वास सोळा ते अठरा, म्हणजे एका श्वासाला चार ठोके.

त्या गेल्यावर मी घरातल्या सगळ्यांना मोजायला सुरुवात केली. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता, म्हणून मी श्वासाला ठोके लावायची. भावाचे चार भरायचे. वहिनीचे चार, कधी साडेचार. भाऊ जेवत असताना मी त्याचं मनगट धरलं तर तो घास घ्यायचा थांबला आणि म्हणाला, "सोड व, मी काय मरू राह्यलो?" माझे स्वतःचे मात्र पाच भरायचे, कधी सहा. मी मनाशी म्हणायची, मोजताना आपण श्वास रोखतो, म्हणून चुकत असेल.

नर्सबाईंनीच धुळ्याचं सांगितलं होतं. सातवीची फायनल पास झालेल्या मुलींना तिथे घेतात, राहायला जागा देतात, वर थोडा पगारही. "पण डॉक्टरी तपासणी असते. वजन नव्वद पौंडांच्या खाली नको. काड्या झालेल्या मुलींना पाळ्या झेपत नाहीत." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

भावाला सांगितलं तेव्हा तो हातातला दोर वळायचा थांबला. "लोकाइची घान काढायची, परक्या मान्साले अंघोळ घालायची, आन्‌ तेले नोकरी म्हनायचं?" मी म्हटलं, परक्या माणसाची भाकरी थापायची ती काय वेगळी? यावर तो चिडला, मीही चिडले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला आणि म्हणाला, "वजनात बसली त जाय. मी आडवा येनार नही. नही बसली त वैशाखात पाट, मंग तू बी काही बोलायचं नही." माझा भाऊ शब्दाचा पक्का होता हे सगळं गाव जाणत होतं. पण हा शब्द त्यानं माझ्या मनगटाच्या हाडांकडे पाहून दिला होता, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्या गावाजवळ माणसं तोलायचा काटा नव्हता. कापसाचा होता. तालुक्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मोठा लोखंडी काटा, खाली फळ्यांचा चौथरा, वर पौंडांची दांडी. तिथला मापाडी आमच्या वडलांच्या ओळखीचा, त्याला सगळे आबा म्हणायचे. कापसाची गाडी घेऊन भाऊ निघाला तेव्हा मीही मागे चढून बसले. गाड्या रिकाम्या होऊन अंगण जरा मोकळं झाल्यावर आबानं मला चौथऱ्यावर उभं केलं. लुगडं आवरून मी उभी राहिले. नाकात कापसाचं तूस, पायाखाली फळ्या हलत होत्या. आबानं दांडीवरचं वजन सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं, डोळा बारीक करून पाहिलं आणि कापसाच्या गाठीला द्यावा तसा खणखणीत आवाज दिला, "शहाऐंशी."

चार पौंड कमी. परतीच्या वाटेवर भाऊ पुढे बसून बैल हाकत राहिला. त्याला आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या पाठीकडे पाहून मला वाटलं, ह्याच्या डोक्यावरचा भार उतरला.

त्या दिवसापासून मी खायला लागले. खाणं हे काम असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. सकाळी दूध-केळी, न्याहारीला लोण्याचा गोळा ठेवून कळण्याची भाकरी, दुपारी बट्टी तुपात बुडवून, दिवसभर कनवटीला गूळ-शेंगदाणे. केळी आमच्या शेतातलीच, त्याला कोण विचारतं. पण विधवेनं तूप ओरपायचं हे वहिनीला बघवत नव्हतं. ती तोंडानं काही म्हणायची नाही, तुपाचं भांडं वरच्या फळीवर ठेवायची. मग माय ते उतरवून माझ्यापुढे ठेवायची आणि तीही तोंडानं काही म्हणायची नाही. मायच्या मनात नेमकं काय आहे हे मला कधी कळलं नाही. पाटाचं बोलणं निघालं की ती उठून पाणी तापवायला जायची. ती माझ्या बाजूनं आहे की भावाच्या, का कोणाच्याच नाही, ह्याचा मी फार विचार करायची आणि तिचा मला रागही यायचा. एकदा तरी बोल ना माय, काहीतरी बोल.

खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, कारण मी स्वस्थ बसत नव्हते. खाल्लं की मला वाटायचं, वजन वाढलं का, आणि मी उठून फेऱ्या मारायची. फेऱ्या मारल्या की वाटायचं, आता उतरलं असणार, की पुन्हा गूळ. केळी खाऊन खाऊन एकदा पोट इतकं बिघडलं की चार दिवसांत मिळवलेलं सगळं गेलं. कापसाची गाडी जिनात गेली की मी मागे. आबा म्हणायचा, "शहाऐंशी." मग, "साडेशहाऐंशी." मग पुन्हा, "शहाऐंशी." थंडी सरली, जिनाचा हंगाम संपत आला. शेवटच्या गाडीला आबानं आवाज दिला, "एकोणनव्वद." आणि मी धाडलेल्या अर्जावर धुळ्याचं बोलावणं तर आलं होतं. एक पौंड कमी. एका पौंडासाठी मला पोरक्या तीन पोरांच्या घरी जावं लागणार, हे मनात आलं की मला हसूही यायचं आणि रडूही.

निघायच्या दिवशी गाडी जुंपल्यावर माय गाठोडं घेऊन येऊन बसली. भाऊ म्हणाला, "तू कुठी?" ती म्हणाली, "पोरीसंगं." एवढ्यावर तो विषय संपला. आम्ही जळगावला आलो आणि तिथून एरंडोल, पारोळ्यावरून एसटीनं धुळ्याला. सगळ्या वाटेत मी खिडकीच्या गजाशी चाळा करत होते. भावानं दोनदा माझा हात गजावरून खाली ठेवला.

दवाखान्यात जायच्या आधी धर्मशाळेच्या नळावर मी पोटात मावेल तेवढं पाणी प्यायले. तांब्यावर तांब्या. पाण्याला वजन असतं एवढं शास्त्र मला येत होतं. मग डुचमळत्या पोटानं मी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. तपासणीच्या खोलीत एक थोराड सिस्टर होत्या, छातीला घड्याळ टाचलेलं. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. हा काटा लहान होता, पांढरा, त्यावर कापसाची एक काडीही नव्हती. मी डोळे मिटले.

"पंच्याण्णव," सिस्टर म्हणाल्या आणि लिहायला वळल्या.

मी काट्यावरून उतरलेच नाही. भाऊ दारात उभा होता, तोही पुढे आला. "बाई, पुन्हा पाहा जरा," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा पाहिलं. पंच्याण्णव. पाण्यानं फार तर दोन पौंड वाढले असतील. भाऊ कपाळाला आठ्या घालून काट्याकडे बघत राहिला आणि मग एकदम हसायला लागला. मी त्याला वडील गेल्यापासून तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आबानं कडता काढला," तो म्हणाला. "व्हय ना. पोत्याचा कडता, ओलीचा कडता. तेची सवय. तेनं तुह्या लुगड्याचा बी काढला."

खरं होतं ते. कापूस तोलताना पोत्याचं वजन आणि ओलाव्याचं वजन मापाडी मनातल्या मनात वजा करतो आणि निव्वळ माल तेवढा ओरडून सांगतो. तीस वर्षं तेच केलेल्या माणसानं मला पोत्यासारखं तोललं होतं, प्रामाणिकपणे, एका पैशाचा लोभ नसताना. पहिल्याच दिवशी मी नव्वद भरत होते. ते सगळं लोणी, ती केळी, वहिनीचं ते तोंड, सगळं फुकट. मीही हसायला लागले. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला वाटलं, झालं, सुटले.

हसू ओसरायच्या आत सिस्टरनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला. "बस इथे," म्हणाल्या. काही वेळानं पुन्हा धरलं. मग बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाई किरकोळ, चष्म्याच्या, फार कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला सगळीकडून पाहिलं. उंची बरोबर. श्वास सोडून छाती किती, भरून किती, ते बरोबर. डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून त्या म्हणाल्या, "लांब श्वास घे," आणि मग, "पानथरी लागत नाही." उजवीकडे यकृत आपल्या जागी. गळ्याला हात लावून घोट गिळायला लावला, तिथे काही नाही. जिभेखाली थर्मामीटर, ताप नाही. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. ठोके स्वच्छ होते, पण मिनिटाला एकशे चोवीस. त्यांनी मला अर्धा तास बाकावर बसवलं. पुन्हा मोजलं. एकशे वीस.

"असंच असतं का नेहमी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. पण मला माहीत होतं. श्वासाला सहा ठोके मी स्वतः मोजले होते आणि मोजण्यात चूक झाली म्हणून सोडून दिले होते. वजनाच्या मागे मी पळत राहिले आणि अडले ते भलत्याच जागी. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. कारण आता हे माझ्या आतलं होतं. ह्याला लोणी नव्हतं, ह्याला गूळ नव्हता. जितकी मी त्याला दाबू पाहायची, तितकं ते उधळायचं.

डॉक्टरीणबाईंनी मायला आणि भावाला आत बोलावून सांगितलं. हृदयात दोष दिसत नाही. बहुतेक ही धास्ती आहे. पण बहुतेकवर सही करता येत नाही. भीतीनं वाढलेली नाडी माणूस झोपला की खाली येते, आजारानं वाढलेली झोपेतही खाली येत नाही. "हिला दुपारी बायकांच्या वॉर्डात एक खाट देते. झोपली की सिस्टर नाडी मोजतील. नव्वदच्या आत आली तर मी लिहून देते. नाही आली तर नाही."

पुन्हा नव्वद. फक्त आता भरायचे नव्हते, आत राहायचं होतं. आणि त्यासाठी मला करायचं होतं काय, तर झोपायचं. ज्या पोरीला सूपभर गहू निवडेपर्यंत बसवत नाही, तिनं परक्या गावात, परक्या खाटेवर, टळटळीत दुपारी, आपलं आयुष्य पणाला लागलेलं असताना झोपायचं.

चैत्राचं ऊन होतं. कोपऱ्यातल्या खाटेवर मी आडवी झाले. माय उशाशी जमिनीवर बसली. पांढऱ्या चादरीला औषधाचा वास होता, खिडकीत माशी घोंघावत होती. शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक म्हातारी होती, पोटाचं काही दुखणं असलेली. तिला कोणीतरी माझं प्रकरण सांगितलं असावं. ती माझ्याकडे कुशीवर वळून म्हणाली, "जपी जाय माय, बठ्ठं ठीक व्हई जाई." झोपून जा म्हणत होती. तिची माया कळत होती, पण दर थोड्या वेळानं ती तेच म्हणायची आणि मी नुकती मिटलेली पापणी पुन्हा उघडायची.

मी सगळं करून पाहिलं. उलटं मोजलं. श्वास लांब घेतला. मेल्यासारखी पडून राहिले. सिस्टर आल्या, मनगट धरलं, काही वेळानं सोडलं. "झोपलेलं माणूस डोळे इतके आवळत नाही," त्या म्हणाल्या. मी डोळे उघडले तर त्या हसत होत्या, पण मला काही हसू आलं नाही. दुपार तशीच गेली. चार वाजता चहाची किटली खडखडत आली आणि मी उठून बसले. नाडी एकशे सोळा.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत भाऊ म्हणाला, "शनिवारी चाळीसगावची मान्सं येऊ राह्यली बोलनी कराले. केळीले पान्याची पाळी हाये माह्यी. उद्याची दुपार पाह्यजो, मंग चार-साडेचारच्या गाडीनं माघारी." तो रागानं बोलला नाही. उलट बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. "दोष निघाला त तो बी सांगावा लागीन तेंले," असंही तो म्हणाला. म्हणजे नर्स व्हायला जी चालत नाही, तीच तिकडे तीन पोरं सांभाळायला चालेल का, हे विचारून घ्यावं लागणार होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि सकाळपर्यंत माझा डोळा लागला नाही. मला वाटलं होतं, चला, रात्र जागून काढली तर दुपारी तरी झोप येईल. पण दुपारी खाटेवर पाठ टेकली आणि मी ताठ जागी झाले. डोळ्यांत वाळू, छातीत तोच ढोल. भाऊ बाहेर व्हरांड्यात बसला होता, त्याच्या खाकरण्याचा आवाज आत येत होता. मला स्वतःच्या छातीचा इतका राग आला की मुठीनं ती बडवावीशी वाटली. मायकडे वळून मी म्हटलं, "नही व्हत माय. नही येत नीज. चाल, उठ, जाऊ आपन."

माय उठली नाही. तिनं पदरानं माझ्या कपाळाचा घाम पुसला. मग माझ्या कानाशी वाकली आणि, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, ती त्या विषयावर बोलली.

"पाट नही व्हनार," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले.

"तू पास हो, नहीतर नको होऊ. तुहा पाट मी होऊ देनार नही. शनिवारी ते आले का मी दारात उभी राहीन आन्‌ सांगीन, जा बापा, आमाले पोर द्यायची नही. भावाले तुह्या मी सांगते. मी माय हाये तेची. तू राह्य घरी जिंदगीभर, कोन काढते तुले पाहू. आता हा दवाखाना सोड मनातून."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, जणू कधीचं ठरलेलं होतं आणि मीच विचारायचं विसरले होते. मी म्हटलं, "खरंच?" ती म्हणाली, "खरंच व." आणि केसांतून हात फिरवू लागली. तिच्या बोटांना शेतातल्या कामाच्या भेगा होत्या, त्या केसांत अडकत होत्या. मला आठवतं ते एवढंच. मी मनाशी म्हणत होते की आता पास झाले काय आणि नापास झाले काय, आणि त्या वाक्याच्या मध्येच कुठेतरी मला झोप लागली.

जाग आली तेव्हा सिस्टर खाटेशी उभ्या होत्या आणि माझं मनगट त्यांच्या हातात होतं. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं होतं. "किती?" मी विचारलं. "आत्ता पुन्हा शंभराच्या वर," त्या म्हणाल्या, "पण झोपेत शहात्तर. तीनदा मोजली." शेजारची म्हातारी टाळ्या वाजवत होती. डॉक्टरीणबाईंनी सही केली. बाहेर भावानं, जिनात विचारावं तसं विचारलं, "किती भरली?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "चाल मंग," म्हणाला. शनिवारी चाळीसगावची माणसं आली तेव्हा त्यानंच त्यांना चहा पाजून सांगितलं की बहिणीचं धुळ्याला ठरलं. ती माणसंही काही वाईट नव्हती. चहा पिऊन गेली.

जूनमध्ये मी धुळ्याला गेले. तीन वर्षं शिकले, मग जळगावला नोकरी लागली. ज्या आकड्यांवर मी एवढी तडफडले ते सगळे तिथे घोकून पाठ केले. नव्या मुलींना मी शिकवायची तेव्हा सांगायची की बहात्तर म्हणजे दगडावरची रेघ नाही, कोणाची नाडी, कोणत्या वेळी, कोणाच्या समोर, हे आधी बघा. आणि मग त्यांना मायची गोष्ट सांगायची. माझी माय कशी कधी बोलली नव्हती आणि ऐन वेळी कशी भावाविरुद्ध उभी राहिली. सांगताना माझी मान ताठ व्हायची. पाठीशी असं कोणी आहे, ह्या एका गोष्टीवर मी वॉर्डातली वाईट वर्षं निभावली. कोणी पुरुष पेशंट वाकडं बोलला, कोणी गावात नाक मुरडलं, की मी मनात म्हणायची, माझी माय दारात उभी राहणार होती.

चार-पाच वर्षांनी सुटीवर घरी गेले होते. पेरणी तोंडावर आली होती आणि माय ओसरीवर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी चार शेंगा फोडायची आणि उठून फेरी मारून यायची, माझं नेहमीचं. भाऊ शेतात होता. सहज मनात आलं म्हणून मी विचारलं, "माय, त्या दिवशी मी नापास झाली असती, त तू भावाले काय सांगितलं असतं?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"काही नही," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"माह्यं या घरात कोनी कधी ऐकलं व? तुहा बाप व्हता तव्हा बी नही. पाट झालाच असता तुहा. तुले नीज यावी म्हनून बोलली."

मी उभीच होते. ती आपली शेंगा फोडत राहिली, एक, दुसरी, तिसरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या मायनं बी मले असंच निजवलं व्हतं. मी अकरा वर्साची असीन. रडरड रडली, मले नही जायचं म्हनलं. ती म्हने, नही देत तुले कोनाले, नीज. मंग मी निजली. उठली त बाया हळद घेऊन उभ्या व्हत्या."

मी खाली बसले. सूप पुढे ओढलं आणि टोपलीतल्या सगळ्या शेंगा संपेपर्यंत तिच्याजवळून उठले नाही.